बारा कोरे गोळे

परसवाडा, जि. बालाघाट

ती. दादास,

परवा फोनवर तू म्हणालास, "गुण ते गुण. तयारी केली म्हणून ते खोटे ठरतात का?" तेव्हा गप्प बसले, आता लिहिते.

आमच्या शाळेतली पाचवीची एक पोर गेल्या वर्षी नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसली. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. तिच्या घरी गोंडी, शाळेत हिंदी. बाहेर आल्यावर विचारलं, किती सोडवले? अडुसष्ट. आणि बाकीचे? "नहीं आता था मैडम, तो छोड़ दिया."

दादा, या परीक्षेत चुकलं तरी गुण कापत नाहीत. चारांतला कुठलाही गोळा डोळे मिटून काळा केला असता, तरी सरासरीनं बारांतले तीन बरोबर आले असते. म्हणजे पावणेचार गुण. वारासिवनीच्या नवोदयचं दार तेवढ्यानंही अडतं. क्लासच्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगतात. तिला मी सांगायला हवं होतं, राहून गेलं. ते पावणेचार गुण हुशारीचे म्हणायचे का?

सगळी तयारी अशी नसते, हे मान्य. तुझ्या लेकानं नागपुरात राहून मेडिकलची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा दिली, रात्री जागवल्या. ती विद्या त्याची स्वतःची. पण ते जास्तीचं वर्ष तू विकत घेऊन दिलंस: फी, खोली, डबा. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीनं पाहिलं, तर एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेले २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होते, २०२०-२१ मध्ये ७१.४२. ७२० पैकी किती, हे 'नीट'च्या निकालावर छापतात. कितवी खेप, ते नाही.

म्हणून परीक्षाच नको, असं मी म्हणणार नाही. ती गेली की वशिला येतो, आणि आमच्या पोरांना वशिला कुठला? एवढंच म्हणते, की आकडा वाचताना पोर कुठून चालत आली तेही वाचावं. आमच्या मध्य प्रदेश सरकारनं २०२३ पासून सरकारी शाळांतल्या मुलांसाठी मेडिकलच्या ५ टक्के जागा ठेवल्या, त्या याच जाणिवेनं. पण ते बारावीनंतरचं. पाचवीतलं काम माझं.

दिवाळीत लेकाला आठ दिवस इकडे पाठव. गोळे कसे भरायचे, कुठे अंदाज करायचा, हे माझ्या पोरांना त्यालाच शिकवू दे. विद्या मी बघते.

तुझी,
माई