रत्न, कांदा आणि गरम पाणी

तोक्योतील उएनोच्या दक्षिणेस लगतचे स्थानक म्हणजे ओकाचिमाची. रुळांच्या कडेने अमेयोको बाजार पसरलेला. त्यात मासळी, सुका मेवा, चहा, कपडे असे सारे काही मिळते. स्थानकाच्या आसपासच्या गल्ल्यांत मात्र हिरे, माणके आणि मोत्यांच्या घाऊक पेढ्या आहेत. येथे जयपूर, सुरत, मुंबई या गावांहून आलेली भारतीय माणसे पुष्कळ भेटतात आणि त्यांत जैन कुटुंबेही आहेत. चार दिवसांसाठी येणाऱ्या व्यापाऱ्याचे खाकऱ्याच्या डब्यावर भागते. ज्याला बिऱ्हाड मांडायचे आहे, त्याला पाकिटामागचा मजकूर वाचावाच लागतो.

जवाहिऱ्याला जपानी चित्राक्षरांपैकी पहिले ओळखीचे होते ते ‘तामा’, म्हणजे रत्न. तीन आडव्या रेघा, त्यांना जोडणारी एक उभी, आणि उजवीकडे खाली एक टिंब. ‘होसेकी’ म्हणजे जवाहीर. त्याच्या पहिल्या अक्षरात छपराखाली हेच रत्न बसलेले असते. मोत्याच्या ‘शिन्जु’ या शब्दातही डाव्या बाजूस तीच आकृती आहे, फक्त टिंब गळलेले. पेढीच्या पाटीवर रोज दिसणारी ही खूण उपाहारगृहाच्या यादीत भेटली की आनंद वाटतो, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. कारण ‘तामा’चा दुसरा अर्थ गोळा. ‘तामागो’ म्हणजे अंडे. अंड्याच्या पदार्थांच्या नावांत ते पुष्कळदा ‘रत्न’ आणि ‘बाळ’ या दोन अक्षरांनी लिहितात. ‘तामानेगी’ म्हणजे कांदा, गोळ्याच्या आकाराची पात! आणि त्याच रत्नाने सुरू होणारा ‘ग्योकुरो’ हा जपानचा अतिशय नामांकित हिरवा चहा, तर ‘शिरातामा’ ही तांदळाच्या पिठाची निर्दोष गोळी. तेव्हा रत्न दिसताच हात पुढे करू नये आणि मागेही घेऊ नये. शेजारी कोण बसले आहे ते पाहावे.

गाईच्या अक्षराचेही असेच. त्यापुढे ‘दूध’ हे अक्षर आले तर ‘ग्यून्यू’, म्हणजे गाईचे दूध. ‘निकु’ आले तर गोमांस. पहिले अक्षर तंतोतंत एकच. ‘निकु’ची आकृती एकदा मनात बसली की विसरत नाही: खालून उघडी चौकट आणि तिच्यात एकाखाली एक दोन उलटे ‘व्ही’. नव्या बिऱ्हाडाने सर्वांत आधी शिकावे असे अक्षर कोणते, तर हेच. माशाचे अक्षर त्याहून सोयीचे आहे. नाना जातींच्या माशांच्या नावांत ते डाव्या बाजूस आकसून बसते. नाव वाचता आले नाही तरी जात कळते. ‘कात्सुओ’ या माशाचे अक्षर ‘मासा’ आणि ‘कठीण’ मिळून झाले आहे; तो वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि मग त्याचा कीस पाडतात. दुर्दैवाने पाकिटांवर हे नाव बहुधा साध्या उच्चारलिपीत लिहितात, त्यामुळे तेथे चित्राचा आधार तुटतो.

उच्चारलिपी दोन आहेत, हिरागाना आणि काताकाना. प्रत्येकीत 46 मूळ अक्षरे. मराठी मुलाला त्यांचा क्रम परका वाटत नाही. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर जपानात नेलेल्या संस्कृत वर्णविचाराची ती छाया आहे. काताकाना परकी शब्दांसाठी वापरतात, आणि गृहिणीला तीच जास्त दमवते. कांदा ‘तामानेगी’ म्हणून टाळावा, तर चिवड्यासारख्या खाऊच्या पुडीवर तो ‘ओनियोन’ होऊन येतो. लसूण ‘निन्निकु’ म्हणून टाळावी, तर ‘गारिक्कु’. ‘एकिसु’ म्हणजे अर्क. त्याआधी काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय पुडी टोपलीत टाकू नये. अंडे, दूध, गहू, कोळंबी अशा ठरावीक पदार्थांची नोंद ॲलर्जीसाठी करणे कायद्याने बंधनकारक आहे; त्यामुळे अंडे सहसा लपत नाही. मासळीच्या अर्काला किंवा कांद्याला मात्र ते बंधन लागू नाही.

कंदमुळांसाठी जपानी भाषेने जणू मदतच करून ठेवली आहे. मुळासाठीचे अक्षर एकटे असता ‘ने’ आणि जोडशब्दात ‘कोन’ असे वाचतात. ‘दाइकोन’ म्हणजे मोठे मूळ, अर्थात मुळा. ‘रेन्कोन’ म्हणजे कमळकंद. ‘कोन्साइ’ म्हणजे एकूण कंदमुळे. बटाटा ‘जागाइमो’, रताळे ‘सात्सुमाइमो’. शेवटी ‘इमो’ ऐकू आले की जमिनीखालचे समजावे. गाजर तेवढे ‘निन्जिन’ हे नाव घेऊन यातून निसटते.

उपाहारगृहात ‘बेजितारियान’ म्हटल्याने काम होत नाही. मांसाचा तुकडा काढला की ताट शाकाहारी झाले, अशी तेथील स्वयंपाक्याची प्रामाणिक समजूत असते. शेवयांचा रस्सा ज्या ‘दाशी’वर उभा असतो, ती बहुधा कात्सुओची. म्हणून ‘निकु, साकाना, तामागो वा ताबेरारेमासेन’ असे सांगावे. ‘खात नाही’पेक्षा ‘खाऊ शकत नाही’ हे तेथे अधिक गांभीर्याने घेतले जाते. मग दाशी कशाची, हे वेगळे विचारावे. कांदा नको असल्यास ‘तामानेगी नुकी दे’.

पाण्याला दोन नावे आहेत. ‘मिझु’ म्हणजे थंड पाणी, ‘ओयु’ म्हणजे गरम. आणि नुसते उकळून प्यायला घेतलेले पाणी ‘सायु’. ते ‘पांढरे’ आणि ‘गरम पाणी’ या दोन अक्षरांनी लिहितात. उकाळलेल्याच पाण्याचे व्रत असलेल्या आजींना हा एक शब्द पुरतो, आणि तो ऐकून कोणाला नवल वाटत नाही. जपानी आजीही सकाळी सायुच पिते.

चौविहार पाळणाऱ्यास आणखी दोन पाट्या वाचता याव्या लागतात: ‘एइग्योचू’, दुकान चालू, ‘जुन्बिचू’, तयारी चालू, म्हणजे तूर्त बंद. कित्येक उपाहारगृहे दुपारी दोन-तीनला बंद होऊन पाचला उघडतात. डिसेंबरात तोक्योचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो.

कोबेची गोष्ट थोडी निराळी. 1923च्या भूकंपानंतर योकोहामाचे अनेक भारतीय व्यापारी तेथे गेले. पुढे मोत्यांचा व्यापार वाढला आणि 1985 साली कितानो भागात जपानमधील पहिले जैन मंदिर उभे राहिले. तेथून क्योतोजवळच्या उजी गावी एका दिवसात जाऊन येता येते. उजीत 1661 साली स्थापन झालेला मान्पुकुजी हा झेन मठ आहे. त्याच्या दारातील शिळेवर कांदा-लसणासारख्या उग्र वनस्पती आणि मद्य यांना प्रवेश नाही, असे कोरलेले आहे. आत मठाच्या पद्धतीचे शाकाहारी भोजन मिळते. त्यात मासा नाही, अंडे नाही, कांदा नाही. पण ‘रेन्कोन’ असू शकते, आणि रस्सा ‘शिइताके’ अळंबीचा असू शकतो. यादी तेथेही वाचावी लागते.