बुगडीवाली

१९८७ साल असेल. मी दुसरीत होतो. आमच्या खाण-वस्तीत टी.व्ही. तीन-चार घरीच. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागले की शेजारच्या फिटरकाकांच्या ओसरीपर्यंत माणसे बसत. माझे वडील कोळसा खाणीत कामगार, शिवाय समाजाच्या कामात पुढे. त्यांना हे मुळीच पसंत नव्हते. पुढे 'रिडल्स'चे आंदोलन पेटले आणि १९८८ च्या फेब्रुवारीत वडील मोर्चासाठी मुंबईला गेले. त्या रविवारी माय, मावशी आणि मी मात्र फिटरकाकांच्या दारात! वडिलांना हे कोणी सांगितले नाही. आज मीच छापून सांगतो आहे.

पडद्यावर कौसल्या आली. सारी मंडळी हात जोडून बसलेली. आणि माझी मावशी एकदम ओरडली, "आवो माय, हे तं बुगडीवाली होय! कौसल्या कायची!"

लोक चिडले. मायने तिला कोपराने ढोसले. पण मावशीचे खरे होते. ती जयश्री गडकर होती, आणि दशरथ झालेले बाळ धुरी हे तिचे खरोखरचे पती.

मावशीने 'सांगत्ये ऐका' पाहिला तो यात्रेत आलेल्या तंबूत. चित्रपट १९५९ चा, पण आमच्या झाडीपट्टीत पोचायला त्याला बरीच वर्षे लागली. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षे. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार यांचे, बुगडीचे ते गाणे आशा भोसले यांचे. मुख्य नायिका हंसा वाडकर होती, पण लोकांच्या डोळ्यांत भरली ती ही नवी मुलगी.

नवी म्हणायची, पण एका रात्रीत वर आलेली नव्हे. जन्म १९४२ चा, कारवारकडे सदाशिवगडाजवळच्या कणसगिरीचा. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'त (१९५५) संध्या पुढे नाचते, आणि मागच्या घोळक्यात जी मुली नाचतात त्यांत ही एक होती. वय तेरा. मग 'दिसतं तसं नसतं'मध्ये राजा गोसावींबरोबर एक नाच, मग राजा परांजपे यांच्या 'गाठ पडली ठका ठका'त नायिका. मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत यायचे म्हणजे काय, हे कामगाराच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

नंतरची यादी लांबलचक आहे. 'मानिनी', 'मोहित्यांची मंजुळा', 'सवाल माझा ऐका'. एकूण अडीचशेच्या आसपास चित्रपट. मला स्वतःला 'साधी माणसं' (१९६५) सर्वांत आवडतो. भालजी पेंढारकरांचा. त्यात ती लोहाराची बायको आहे, घुंगरू नाही की शालू नाही. भात्यासमोर बसलेली ती बाई पाहून वडीलसुद्धा म्हणाले होते, "हे आपल्यातली दिसते."

आणखी एक चित्रपट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९६१ चा 'वैजयंता'. दिग्दर्शक गजानन जागीरदार, आणि मूळ कादंबरी अण्णा भाऊ साठे यांची. तमाशातल्या बाईचे जिणे अण्णा भाऊंनी आतून पाहिलेले. त्यांच्या लेखणीतली ती मुलगी पडद्यावर जयश्रीबाईंनी उभी केली.

इथे मनात एक काटा आहे, तो सांगून टाकतो. तमाशा ज्यांनी जगवला त्या महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या बाया. पवळा हिवरगावकरीण आपल्याच समाजाची. विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना बाळंत झाली आणि पुन्हा फडावर उभी राहिली, असे सांगतात. तिचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये ती वारली. आज तिच्या नावाने सरकार पुरस्कार देते. पडद्यावर तमाशातली बाई झाली तिला घर, मान, आत्मचरित्र. फडावरच्या बाईला बोलणी. यात जयश्रीबाईंचा दोष नाही. तिने आपले काम चोख केले. पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दोन्ही रकाने दिसतात.

पवळेच्या तमाशाचे पैसे पठ्ठे बापूरावांनी महाडच्या कामासाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. माझ्या आजोबांना ती पाठ होती. त्यांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला दीक्षा घेतलेली. मावशी तेव्हा लहान. पुढे ती रोवण्याला गेली की धुऱ्यावर बुगडीचा नाच करून दाखवी आणि बाया कामे सोडून पाहत. त्या काळी झाडीपट्टीच्या नाटकांत पुरुषच लुगडे नेसत, बाया नुकत्या कुठे येऊ लागल्या होत्या. एका नाटक मंडळीचा माणूस घरी विचारायला आला. आजोबांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. "बाबासायबानं आमाले नाचासाठी नाही उठवलं," म्हणाले. मावशीचे त्याच उन्हाळ्यात लग्न लागले. जन्म रोवणा आणि तेंदूपत्त्यात गेला.

मागच्या वर्षी माझ्या मुलीला, ती बी. ए. च्या पहिल्या वर्षाला आहे, वडशाच्या एका मंडळीने हंगामासाठी विचारले. एक दुय्यम भूमिका आणि दोन नाच. दिवाळीपासून होळीपर्यंत, रात्रभराचे प्रयोग, आज या गावी शंकरपट तर उद्या त्या गावी मंडई. मी आठ मार्चला स्त्रीमुक्तीवर भाषण करणारा माणूस. माझ्या तोंडून आजोबांचेच वाक्य निघाले, शब्दन् शब्द.

मावशी आमच्याकडेच होती, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेली. ती एवढेच म्हणाली, "तुया आजानं म्हटलं, आता तू बी म्हन."

दोन रात्री झोप नाही. आजोबा चुकले असे आजही मला म्हणवत नाही. ज्या काळात नाचणारी बाई म्हणजे पाटलाच्या वाड्याची मालमत्ता होती, त्या काळात ते 'नाही' म्हणणे हेच उठणे होते. पण मावशीला कोणी विचारलेच नव्हते, हेही खरे. आणि माझ्या मुलीला कोणी वाड्यावर बोलावले नव्हते. ती रोज किती मिळणार ते विचारून आली होती.

तिसऱ्या दिवशी मी वडशाला गेलो. वीस वर्षे कारकुनी केलेला माणूस दुसरे काय करणार? कागद काढला. एका रात्रीचे किती, कधी देणार, प्रयोग रद्द झाला तर काय, कपडे बदलायला बंद खोली आहे का, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी, पहाटे घरी कोण पोचवणार. सारे लिहून सही मागितली. मॅनेजर हसला. म्हणाला, "साहेब, इथे तोंडी चालते." मी म्हटले, मग मुलगी पण तोंडीच येईल. त्याने सही केली. नंतर मंडळीतल्या दोन बायांनी त्या कागदाची झेरॉक्स मागून नेली.

भाऊबीजेनंतरचा पहिला प्रयोग आरमोरीकडच्या एका गावात होता. मी मावशीसाठी खुर्चीचे तिकीट काढले. तिने ते परत करायला लावले आणि पुढे मॅटवर जाऊन बसली.

"खुर्चीवरून पाय दिसत नाही रे," म्हणाली.