नक्षी आमची, नाव कुणाचे?

ईद जवळ आली की किनवटमधल्या आम्हा शिवणाऱ्यांना रात्र अपुरी पडते. चाँदरातीपर्यंत मशीन थांबत नाही. आमच्यातल्या एखाद्या पोरीने गळ्याची नवी नक्षी काढली, तर पुढच्या सणाला तीच दुसऱ्या दुकानात टांगलेली दिसते. तिला शिलाई मिळते, कल्पनेचे मोल मिळत नाही.

कायदा आहे. २००० च्या डिझाईन कायद्याने नोंदलेल्या नक्षीला १० वर्षे, पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र कपडा बाजारात येण्याआधीच अर्ज करावा लागतो. नोंदणी नसेल आणि यंत्राने ५० हून अधिक नग निघाले, तर १९५७ च्या कायद्याखालचा कॉपीराइटही संपतो. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने 'रितू कुमार' या नावाने कपडे विकणाऱ्या कंपनीचा दावा याच कलमावर फेटाळला. जिथे मोठ्यांचे हे हाल, तिथे उधारीवर दोरा आणणाऱ्या पोरीची काय कथा?

तांड्यावरच्या बंजारा भगिनींच्या काच-कवड्यांच्या भरतकामाचेही दुखणे हेच. म्हणून आमच्या मुलींना आम्ही सुईबरोबर अर्ज लिहायलाही शिकवले पाहिजे. नाहीतर हुनर आमचा राहील आणि बरकत दुसऱ्याच्या घरी जाईल.