अब्बांची फरशी

आम्ही दोघं बहीण-भाऊ. एक बी.एड. होऊन उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणारी, दुसरा यंत्रमागावर टॉवेल विणणारा. सोलापुरातल्या आमच्या घराला खोल्या दोनच. आतली अम्मीची, ११ फूट लांब आणि ९ फूट रुंद. तिथली शहाबादी फरशी अब्बांनी १९९४ साली स्वतःच्या हातानं घातली होती. अब्बा गवंडी होते. आता ते नाहीत.

तीस वर्षांत जमीन खचली, दोन दगड वर आले. गेल्या पावसाळ्यात त्याला ठेचकाळून अम्मी पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तसं आम्ही ठरवलं, फरशी बदलायची. अम्मी म्हणाली, "तुमारे अब्बा के हात की फरशी है. उखाडते क्या?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. ती नंतर काही बोलली नाही. तिचं न बोलणं आम्हांला जास्त लागलं.

एका खोलीच्या कामाला मिस्त्री मिळेना. उन्हाळ्याची सुट्टी होती. लहानपणी अब्बांच्या हाताखाली माल कालवला होता, त्या भरवशावर आम्हीच पहार उचलली.

दगड न फोडता काढले, एकेक करून अंगणात उभे केले. खाली पाणी मारून धुम्मस केला, पाणसळ लावून कोबा केला. तो आठवडाभर भिजवला. मग दोरी धरायची वेळ आली. कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजले. कर्ण ५ फूट यायला हवा, अर्धा इंच जास्त आला. म्हणजे कोपरा काटकोनात नव्हता. अर्धा इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला तोच फरक दोन इंचांच्या वर जातो.

आणि तेव्हा ध्यानात आलं की अब्बांच्या सांध्यांची ओळ आम्हांला नेहमी भिंतीच्या मानानं तिरकी दिसायची. ती तिरकी नव्हतीच. त्यांनी दारापासून गुण्या लावून सरळ ओळ धरली होती आणि भिंतीचा वाकडेपणा खाटेखाली नेऊन लपवला होता. वर्गात आम्ही त्याला कायमुज्जाविया मुसल्लस म्हणतो, कर्णाला वतर. अब्बा शाळेत गेले नव्हते. त्यांना ३, ४, ५ ठाऊक होते. आम्हीही दारापासूनच दोरी धरली.

फरशा खरखरीत पृष्ठभागाच्या, व्हिट्रिफाइड घेतल्या. त्या पाणी शोषत नाहीत, म्हणून नुसत्या सिमेंटला नीट धरत नाहीत. त्यांना अॅडहेसिव्ह लागतं. दातेरी थापीनं ते पसरायचं, फरशी टेकवायची, रबरी हातोड्यानं ठोकायची. पोकळ आवाज आला की उचलून पुन्हा. पहिल्या दिवशी आमच्या सहा फरशा बसल्या, त्यातल्या दोन पुन्हा उचलल्या.

हिशेब मात्र बाईंचाच चुकला. खोली ९९ चौरस फूट, फरशी २ फूट बाय २ फूट. भागाकार करून २५, तुटफूट धरून २८. चारचे सात बॉक्स आणले. पण प्रत्यक्षात लांबीला पाच अख्ख्या आणि एक तुकडा, रुंदीला चार अख्ख्या आणि एक तुकडा. तुकडा अर्ध्याहून थोडा मोठा, म्हणून एका फरशीतून एकच निघाला. सहा गुणिले पाच, तीस लागल्या. क्षेत्रफळ बरोबर होतं, फरश्यांची संख्या चुकली होती. दुकानात त्या रंगाचा लॉट संपलेला. दोन फरश्यांची जागा खाटेशेजारी उघडी राहिली.

आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. दारातून अम्मी म्हणाली, "अंगन में तो हैं."

तिथला कोबा छिलून खोल केला. अंगणातले दोन दगड कटरनं मापात कापून बसवले, पाणसळीनं सगळ्यांच्या बरोबरीला आणले. सांध्यांवरून हात फिरवून पाहिला. कुठे ठेच लागत नाही.

आता आठवीत फरश्यांचं उदाहरण आलं की मुलांना आधी फळ्यावर चौकटी आखायला लावतो. अम्मी खाटेवरून उठते तेव्हा तिचे पाय पहिल्यांदा त्या दोन दगडांवरच पडतात. ते नव्या फरशीपेक्षा थंड लागतात, असं ती म्हणते.