टिंब

स्कोअरबुकात सगळ्यात जास्त लिहिलं जातं ते टिंब. चेंडू पडला, काही झालं नाही, टिंब. षटकाच्या चौकटीत तीनावर तीन अशी ती मांडायची. अख्खं षटक निर्धाव गेलं तर रेघेने जोडून एम करायचा, त्यात बळी मिळाला असेल तर उलटं जोडून डब्ल्यू.

वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी. लेदर बॉलचा सामना असेल तिथे मंडपातली एक खुर्ची माझी. नियमाप्रमाणे स्कोअरर दोन हवेत. प्रत्यक्षात दुसरा म्हणजे समोरच्या संघातला बारावा पोरगा, तोही कापसाची वेचणी लागली की गायब.

शिकायला आलेल्यांना मी एकच पान काढायला लावतो. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडचा पहिला डाव. बापू नाडकर्णी : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यांत सलग २१ षटकं निर्धाव. पोरं कंटाळतात, पण एकवीस एम काढले की हात बसतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे काही न घडण्याकडेही नीट बघायची सवय लागते. षटकार काय, कोणालाही दिसतो.

डाव संपला की ताळा. फलंदाजांच्या धावा आणि सगळ्या अवांतर धावा, ही एक बेरीज. गोलंदाजांनी दिलेल्या धावा आणि बाय, लेग बाय, ही दुसरी. कारण वाइड-नोबॉल गोलंदाजाच्या नावावर आधीच चढलेले असतात. दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. एका धावेचा फरक निघाला तर चहा थंड होतो.

बेसबॉलच्या स्कोअररचा मला जरा हेवा वाटतो. ती आकडेवारी घडवली हेन्री चॅडविकने. हा माणूस जन्माने इंग्लंडचा, अमेरिकेत गेलेला, आणि आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारा. त्या खेळाच्या धावफलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी चुकांचाही रकाना असतो. फटका चांगला होता की क्षेत्ररक्षक चुकला, हे स्कोअरर ठरवतो. आमच्या वहीत तसा रकानाच नाही. हातातून सुटलेला झेल, धाव निघाली नाही तर, टिंबच. नाडकर्णींच्या चेंडूचं असतं तसंच. आम्ही ठरवत काहीच नाही. पंचाने खूण करायची, आम्ही हात वर करून ती मिळाल्याचं कळवायचं, आणि तो हात दिसेपर्यंत पंचाने खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही.

एका डिसेंबरातली गोष्ट. पोरगा ४९ वर होता. आत आलेला चेंडू बॅटची कड घेऊन पॅडवर आदळला आणि फाइन लेगला गेला. एक धाव. आवाज मंडपापर्यंत आला होता, दोन आवाज. पंचाने गुडघा उचलून त्यावर हात टेकवला : लेग बाय. माझा हात वर जायला उशीर झाला. पंच माझ्याकडे बघत थांबला होता. मग मी हात वर केला आणि पोराच्या रांगेत काही न लिहिता अवांतरमध्ये एक मांडला. दोन षटकांनंतर तो त्रिफळाचीत झाला.

संध्याकाळी त्याचे वडील आले. शेतावरून थेट आले असावेत, पायजम्याला कापूस चिकटलेला.

"काका, तुमाले ऐकू आलं ना जी?"

"आलं."

"मंग?"

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. आकडे वाचत होते की नुसतेच बघत होते, कळलं नाही. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

ते गेल्यावर मी समासात, ४९ च्या शेजारी, पेन्सिलीने एक टिंब दिलं. का दिलं ते सांगता येणार नाही. धावेच्या जागी टिंब देणं हे तसंही आमच्या शास्त्राला सोडूनच.

पुढच्या सामन्याला नवा जोडीदार आला, चांगला हिशेबी. जुनी पानं चाळताना म्हणाला, "हे टिंब कोणत्या बॉलचं जी?"

आम्ही दोघांनी चेंडू मोजले. एक जास्त भरत होता. त्याने खिशातून खोडरबर काढून माझ्यापुढे ठेवला.