सुटलेलं दावं

राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या पाण्यावर आमचा ऊस, थोडा घास आणि सहा संकरित गाई. गाई चोवीस तास दावणीला. वाढं, कुट्टी, पेंड सगळं गव्हाणीत मिळायचं. दूध भरपूर, पण सिमेंटच्या कोब्यावर उभं राहून खूर वाढून पुढे वळायचे, गुडघे सोलायचे. गाय माजावर आलेली लवकर कळायची नाही, भरवली तरी उलटायची. तिसऱ्या वेतानंतर बहुतेक गाईंना बाजार दाखवावा लागे.

एका पावसाळ्यात अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला गेलो होतो. तिथे भर पावसात डांगी गुरं उतारावर चरत होती. तेलकट कातडी, काळे टणक खूर. दूध आमच्या गाईंपेक्षा कितीतरी कमी, पण लंगडणारं एकही जनावर दिसलं नाही. आमची होल्स्टीन काही डांगी होणार नाही. पण तिला चालायला तर देता येईल!

गोठ्यामागच्या दोन एकर पडीक रानाला तारेचं कुंपण घातलं. पहिल्या दिवशी आमची गंगी गाय कोब्याच्या कडेला थबकली. मान खाली घालून माती हुंगली, एक पाय ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला. थोड्या वेळाने हरळी तोडल्याचा कराकरा आवाज येऊ लागला.

संकरित गाईला ऊन सोसत नाही, म्हणून रोज सकाळी दोनच तास सोडतो. लांब गवत सावकाश चावून खाताना भरपूर लाळ सुटते. ही लाळ पोटातली आम्लता आवरते, रवंथही चांगला होतो. मोकळ्या गाई एकमेकींवर उड्या मारतात, त्यामुळे माज नजरेतून सुटत नाही. मातीवर चालून खूर आपोआप झिजतात.

पथ्यंही पाळावी लागतात. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात गाई घालत नाही, किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते. दवाने ओल्या घासात सोडलं तर पोट फुगतं. चरणाऱ्या गाईला गोचीड आणि जंत जास्त, म्हणून रोज अंगावरून हात फिरवून गोचीड पाहतो आणि शेण तपासून जंताचं औषध देतो.

दूध पूर्वीइतकंच आहे. गंगी मात्र यंदा पाचव्यांदा व्याली आणि त्याच सायंकाळी स्वतःच्या पायांनी चालत हौदावर पाणी प्यायला गेली.