'फेअरली' आणि 'रादर'

मुळशीत भातलावणी चालू असताना एका शेतकऱ्याने वडिलांविषयीचे डॉक्टरांचे इंग्रजी पत्र मजकडे वाचावयास आणले. 'रादर वीक' म्हणजे 'थोडे अशक्त', असे मी सांगितले. तो निश्चिंत होऊन लावणीला गेला.

रात्री मला झोप येईना. 'फेअरली' आणि 'रादर' ही दोन्ही क्रियाविशेषणे मध्यम प्रमाण दाखवितात; परंतु पहिल्यात समाधान असते, दुसऱ्यात बहुधा नापसंती वा काळजी. इथला पाऊस लावणीला 'फेअरली हेवी', तोच कापणीला 'रादर हेवी'! आपल्याकडे हा भेद 'बऱ्यापैकी' आणि 'जरा जास्तच' यांत आहे. त्या 'च'कडे सेमिनरीत कुणी माझे लक्ष वेधले नव्हते.

सकाळची मिस्सा आटोपताच त्याच्या खाचरावर गेलो. "अरे, काल मी चुकीचे सांगितले. वडील जरा जास्तच अशक्त आहेत."

त्याने हातातील रोपांची मूठ बांधावर ठेवली.